बाहेरच्या कड्याचे लाल नट

४ ऑगस्ट

भावोजी,

नमस्कार. ताईने सांगितलंच असेल, पण गाड्यांच्या बाबतीत तुम्हाला सगळं लेखी लागतं म्हणून कागद घेतला. ट्रक सुरू झाला. तीन वर्षं दोन महिने लागले. परवा सकाळी आधी खोकला, मग शिंकला आणि मग असा धूर सोडला की शेजारच्या शिंप्याने बाहेर टांगलेले कपडे आत ओढले. भंगारवाल्याकडून आणला तेव्हा याच्या हौद्यात झुडूप उगवलं होतं आणि बॉनेटखाली गांधीलमाश्या नांदत होत्या, हे तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, झुडूप तेवढं ठेव, बाकी टाकून दे.

चष्मे विकणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय फिटरबाबांचं. मोटार डेपोत चाळीस वर्षं फिटर होते, निवृत्तीलाही आता पंधरा वर्षं होतील. दर गुरुवारी माझं दुकान बंद असतं तेव्हा येतात. एक डोळा ऑपरेशनमध्ये गेला, दुसऱ्याने धूसर दिसतं. नंबर मीच काढतो, म्हणून मला पक्कं माहीत. रंग मात्र अजून बरोबर कळतात.

त्यांनी पहिल्या गुरुवारी मला काय करायला लावलं ते सांगतो. या ट्रकची रिम दोन पाळ्यांची, म्हणजे दोन अर्ध्या भागांची आहे. मध्ये टायर आणि दोन्ही पाळ्या नटांनी एकत्र आवळलेल्या. ते नट म्हणजे बाहेरचं कडं. चाक गाडीला धरून ठेवणारे नट म्हणजे आतलं कडं. दोन्हींना एकच पाना लागतो. चाक काढायचं तर फक्त आतले खोलायचे. टायरमध्ये हवा असताना कुणी बाहेरचे खोलले तर रिम उडून समोरच्या माणसाचं डोकं घेऊन जाते. म्हणून बाहेरचे नट लाल रंगवायचे. "लाल सोडून काहीही खोल," एवढाच त्यांचा धडा. डेपोत शेकडो लोकांना त्यांनी हा शिकवला आणि त्यांच्या हाताखाली कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही. हे ते दर गुरुवारी एकदा तरी सांगतात.

आता माझं काम. फेब्रुवारीत जुन्या लष्करी गाड्यांचा मेळावा आहे आणि मुख्य परीक्षक तुम्ही. आधी फोटो बघून उणिवा काढून द्याल का? ट्रकला अव्वल दर्जा मिळाला तर तुम्ही मला धरसोडे म्हणणं सोडायचं. एवढीच अट.

तुमचा,
धरसोडे (तूर्त)


१९ ऑगस्ट

धरसोडे,

फोटो पाहिले. तुझ्या बहिणीने प्रत्येक फोटोला "किती छान" म्हटलं, यावरूनच मला अंदाज आला.

हिरवा रंग चकाकतो आहे. लष्कर गाडी लपवायला रंगवतं, मिरवायला नाही. दारावरच्या आकड्यांची टोकं गोलाकार आहेत. त्या काळचा पुठ्ठ्याचा साचा सरळ कापलेला असे. सीटची शिवण दुहेरी आहे. ती शेजारच्या शिंप्याकडून करून घेतलीस हे सांगायची गरज नाही, दिसतं. पुढच्या दिव्याची जाळी कुठल्या तरी ट्रॅक्टरची आहे. चाकांचा फोटो तू पाठवलेला नाहीस. सोयीचं तेवढं दाखवायची तुझी सवय जुनी आहे.

तू इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलंस, कुक्कुटपालन सहा महिन्यांत, आणि संसार चार वर्षांत. म्हणजे बायकोने तुला सोडलं, पण हिशेब तोच. तेव्हा अव्वल दर्जाच्या गोष्टी जरा बेताने कर. परीक्षक म्हणून मी नातं बघत नाही. तू माझा मेहुणा आहेस म्हणून मी दोन गुण जास्तच कापीन.

तुझा,
भावोजी


३० सप्टेंबर

भावोजी,

नमस्कार. संसाराचं वाचून दोन दिवस दुकानात लक्ष लागलं नाही. एका आजोबांना त्यांच्या बायकोचा चष्मा दिला आणि त्यांनाही तो बरा वाटला. तिसऱ्या दिवशी सँडपेपर घेऊन बसलो.

सगळा रंग खरवडून काढला. नवा रंग मिसळताना त्यात खडूची पूड घातली, आता मेलेल्या बेडकासारखा दिसतो. आकड्यांचा साचा ब्लेडने सरळ कापला. शिवण उसवून एकेरी केली. शिंपी आता माझ्याशी बोलत नाही. दिव्याची जाळी तीन भंगारवाले पालथे घालून अस्सल मिळवली. फिटरबाबांचं म्हणणं असं की गाडीत बसायचं सोडून तिच्यात उणिवा शोधणाऱ्याला एकदा तिच्याखाली झोपवायला हवं. ते प्रेमाने म्हणतात.

या वेळी चाकांचे फोटो पाठवतो आहे. लाल नट कसे उठून दिसतात बघा. त्या एका गोष्टीत तरी तुम्हाला नाक मुरडता येणार नाही.

तुमचा,
धरसोडे


१६ ऑक्टोबर

धरसोडे,

रंग ठीक. आकडे ठीक. जाळी खरंच अस्सल आहे, मला आश्चर्य वाटलं.

पण चाकांना तू लिपस्टिक का लावली आहेस?

बाहेरचे नट लाल रंगवण्याचा लष्कराचा हुकूम तुझ्या ट्रकनंतर दोन वर्षांनी निघाला. हे मी माझ्या टिपणांत स्वतः नोंदवलं आहे आणि मेळाव्याची नियमावली त्याच टिपणांवरून तयार झाली आहे. तुझा ट्रक कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा सगळे नट हिरवे होते. लाल ठेवलेस तर चाकांचे दहापैकी शून्य. अव्वल दर्जा विसर.

तुझ्या त्या फिटरला लाल लागत असेल. ज्याला काम येतं त्याला रंग लागत नाही. हिरवे कर, किंवा नेहमीसारखं इथेच सोडून दे. दोन्हींत मला नवल वाटणार नाही.

तुझा,
भावोजी


१२ डिसेंबर

भावोजी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण रागात होतो. दिवसाला एक पत्र लिहायचो आणि फाडायचो. एक गोष्ट मात्र विचारतो. नटांचा गंज खरवडताना मला खाली जुना लाल दिसला होता, दोन-तीन नटांवर, अगदी खाचेत. तो कुठून आला असेल?

तुम्ही म्हणाल नंतर कुणीतरी लावला असेल. असेल. तुमच्या टिपणांपुढे माझी खाच काय टिकणार? आणि खरं सांगतो, एवढं सगळं करून चाकांवर अडलो तर मी पुन्हा तोच ठरेन. या वेळी मला अर्ध्यावर सोडायचं नाही. काल सगळे हिरवे केले, चारही चाकांचे. आता कोणता नट कोणता ते मलाही वाकून बघावं लागतं.

फिटरबाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा तो एकच धडा आणि तोच मी पुसला, हे कोणत्या तोंडाने सांगू? चाकांवर ताडपत्री टाकून ठेवली आहे. त्यांचा नवा चष्मा तयार होतो आहे, तो देताना सांगेन, म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने घेतल्यासारखं होईल.

तुमचा,
धरसोडे


२३ डिसेंबर

धरसोडे,

खाचेतला लाल म्हणजे गंजरोधक रंग. तोही लालसरच असतो. चष्मेवाल्याला हे कळू नये?

नट हिरवे केलेस हे योग्य केलंस. फिटरला सांगण्याचा एवढा बाऊ कशाला? गाडी तुझी आहे की त्याची? मेळावा होईपर्यंत गप्प राहा; म्हातारी माणसं उगीच हट्टाला पेटतात आणि तुझ्यासारखी माणसं लगेच पाघळतात.

तुझा,
भावोजी


२५ जानेवारी

भावोजी,

फिटरबाबा गेले. काल गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझ्या शेडमध्ये.

पुढच्या डाव्या चाकाची हवा हळूहळू कमी होत होती. ते म्हणाले, चाक काढून स्टेपनी लावू, मग टायर निवांत बघू. ताडपत्री त्यांनीच ओढली. मी ठरवलं की आता सांगायचंच. तोंड उघडलं तेवढ्यात दुकानाच्या दारावर कुणीतरी थापा मारल्या. एक बाई, चष्म्याची काडी निखळलेली, दिसत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या. मी फिटरबाबांना दहा मिनिटं थांबा म्हणालो आणि पुढे आलो.

शेड आणि दुकान यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे. ते आतून ओरडून म्हणाले, "अरे, याला लाल दिसत नाहीत. एकसंध रिम बसवलीस का?"

मी ऐकलं, भावोजी. नीट ऐकलं. माझ्या हातात तो काडीचा एवढासा स्क्रू होता, चिमट्यात धरलेला. खाली पडला असता तर सापडला नसता. म्हटलं, एवढा बसवतो आणि जातो. त्यांना वाटलं मी गप्प म्हणजे हो. एकसंध रिमला उडणारी पाळी नसते, तिचा दिसेल तो नट बिनधास्त खोलता येतो.

आवाजाने दुकानातल्या आरशाला तडा गेला. त्या बाई खाली बसल्या. मी आत गेलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चेहरा कुणाला दाखवता आला नाही, त्यांच्या मुलीलाही नाही. तिने हातांवरून ओळखलं.

त्यांचा नवा चष्मा तीन आठवडे माझ्या खणात तयार पडून होता. देताना सांगावं लागेल म्हणून मी दिला नाही.

मंगळवारी चौकशी अधिकारी येणार आहेत. मला सगळं सांगून टाकायचं आहे. त्यांच्या मुलीला तर आधी. ती समोरच्या गल्लीत औषधांच्या दुकानात काम करते, रोज दिसते. काय करू, लवकर कळवा.

धरसोडे


२७ जानेवारी

धरसोडे,

वाईट झालं. तुझ्या बहिणीने दोन दिवस धड जेवण केलेलं नाही, तिला यातलं आणखी काही कळवू नकोस. हे पत्र माणसाबरोबर पाठवतो आहे, म्हणजे मंगळवारच्या आत पोचेल.

आता नीट वाच. अधिकारी जेवढं विचारील तेवढंच सांगायचं. तू आत नव्हतास, त्या बाई साक्षीला आहेत. म्हाताऱ्याने काय ओरडून विचारलं ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? त्या बाई घाबरलेल्या होत्या आणि त्यांना त्यातलं काही कळलंही नसेल. रंगाचा विषय तू काढायचा नाहीस. त्याच्या डोळ्यांचं तुझ्याकडचं कार्ड मात्र आपण होऊन पुढे कर. त्यात खोटं काहीच नाही. एक डोळा गेलेला, दुसरा अधू, आणि माणसाने थांब सांगितलेलं असताना पाना उचलला. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही, हे लक्षात ठेव.

सगळं ओकून टाकलंस तर तुला मोकळं वाटेल, बस. तो परत येणार नाही. ट्रक जप्त होईल, दुकानावर लोक बोट दाखवतील आणि तू पुन्हा एक गोष्ट अर्ध्यावर टाकलीस असं होईल.

माझं ऑक्टोबरचं पत्र तुझ्याकडे असेल तर परत पाठव. टिपणांसाठी हवं आहे. डिसेंबरचंही.

भावोजी


७ फेब्रुवारी

भावोजी,

दोन्ही पत्रं सोबत आहेत.

तुम्ही सांगितलंत तसंच झालं. अधिकारी भला माणूस होता, त्याने चहासुद्धा नको म्हटलं. कार्ड बघितलं आणि मान हलवली. "एवढी नजर अधू असताना तुम्ही त्यांना काम करू का दिलंत?" असं त्याने विचारलं. मी म्हणालो, ते ऐकायचे नाहीत. हे मी तुम्ही न सांगता बोललो. माझं मलाच नंतर कळलं. नटांना काही खूण असते का, असंही त्याने जाता जाता विचारलं. मी म्हणालो, जाणकाराला खूण लागत नाही.

त्याने लिहिलं, मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा.

ही गोष्ट आता डेपोत पोचली आहे. तिथल्या शिकवणीच्या शेडला फिटरबाबांचं नाव द्यायचं ठरलं होतं, पाटी रंगवून तयार होती. ती परत पाठवली. नव्या भरतीच्या लोकांना आता त्यांचंच उदाहरण देतात, की वय झालं, नजर गेली, की पाना खाली ठेवावा. चाळीस वर्षं त्यांनी जिथे शिकवलं तिथे. काल दुकानात आलेल्या एका ड्रायव्हरने हे हसत हसत सांगितलं. मी त्याचा चष्मा पुसत होतो, पुसतच राहिलो.

त्यांच्या मुलीने अजून मला काही विचारलेलं नाही. रोज समोरून जाते आणि दुकानाकडे एकदा बघते. ट्रक विकून टाकावा असं वाटतं.

तुमचा,
मेहुणा


१२ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू एखादी गोष्ट तडीस नेलीस. आम्ही सगळे तुला समजायला चुकलो असं काल तुझ्या बहिणीला म्हणालो, आणि तिला रडू आलं. यापुढे धरसोडे हे नाव या घरात कुणी घेणार नाही.

आता ट्रक विकायच्या गोष्टी काढू नकोस. मेळावा एकवीसला आहे. नवी रिम मिळेल अशा माणसाचा पत्ता मागे लिहिला आहे, त्याला मी बोललो आहे.

एक बारीकशी दुरुस्ती. नियमावलीची नवी आवृत्ती छापायला जायची म्हणून जुने कागद पुन्हा चाळले. लाल नटांच्या हुकमाची तारीख मी उतरवताना एका ओळीची गफलत झाली होती. हुकूम तुझ्या ट्रकच्या आधीच्या वर्षीचा आहे. म्हणजे तुझ्या ट्रकचे बाहेरचे नट लालच हवेत. तुला खाचेत दिसला होता तो मूळचाच असणार. असं होतं कधीकधी, शेवटी आपण माणसं आहोत. वेळ आहे तोवर चारही चाकांचे लाल करून घे, नाहीतर चाकांचे गुण फुकट जातील. तुझ्या बाबतीत मला ते व्हायला नको आहे.

तुझा,
भावोजी


१९ फेब्रुवारी

भावोजी,

रिम मिळाली, बसवली. नट लाल केले. दोन हात दिले आणि परवा दिवसभर वाळू दिले. एकाही नटाला ओघळ नाही, तुम्ही भिंग लावून बघितलंत तरी सापडणार नाही. तुमचं बारा तारखेचं पत्र वाचल्यावर मला वाटलं होतं की मी काहीतरी फोडीन, कुणाला तरी मारीन. तसं काही झालं नाही. मी उठलो आणि ब्रश शोधला.

आज दुपारी फिटरबाबांची मुलगी आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. म्हणाली, बाबा जिथे गेले ती जागा बघायची आहे. नाही म्हणता येईना. शेडमध्ये नेलं. रडली वगैरे नाही. डाव्या चाकासमोर उकिडवी बसली, ते बसायचे तशीच, आणि नटांवरून बोट फिरवू लागली. बाहेरचं कडं पूर्ण फिरली, मग आतलं. मी मागे उभा होतो आणि मला वाटत होतं की आता ही मागे वळून बघेल आणि सगळं संपेल. संपावं असंही वाटत होतं, हे तुम्हाला पटणार नाही.

तिने मागे न बघताच विचारलं, "काका, हे त्या दिवशीही लालच होते?"

तुम्ही मंगळवारसाठी मला सगळं पढवलं होतं, हे नव्हतं पढवलं. हे उत्तर माझं मीच दिलं. मी हो म्हणालो.

तिने नटांवरचं बोट काढून घेतलं. मग तिने सांगितलं की परवा ती डेपोत जाऊन भांडून आली होती. साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली होती, माझा बाप आंधळा झाला असता तरी लाल नट खोलला नसता, त्या चाकाचे नट लाल नसणारच, जाऊन बघा. साहेबांनी तिला पाणी देऊन घरी पाठवलं. आज ती स्वतः बघायला आली होती. माझ्यावर संशय होता म्हणून आली होती, तेही तिने सांगितलं.

"उद्या डेपोत जाऊन माझं चुकलं म्हणून सांगते," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल मी नाही नाही ते मनात आणलं, काका. मला माफ करा."

मी म्हणालो, असू दे, बाळ.

तुमचा,
मेहुणा